दर शनिवारी दोन थेंब

३ मार्च

चि. टाचणी,

पत्र पाहून घाबरू नकोस. मी स्वतः लिहितोय म्हणजे मी आहे, आणि ओळी सरळ आहेत म्हणजे बराही आहे.

झालं असं, की गेल्या बुधवारी पोस्टाच्या पायऱ्यांवर मी जरा बसलो. आता माणूस बसायच्या आधी इकडेतिकडे बघतो, रुमालाने जागा झटकतो, मग टेकतो. मी यातलं काहीच न करता एकदम बसलो, म्हणून लोकांनी त्याला पडणं असं नाव दिलं. सोबत आपले समोरचे मास्तर होते. चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेला माणूस. त्यांनी तीनदा हाक मारली, मी 'हजर' म्हटलं नाही, तेव्हा त्यांनी गाडी बोलावली.

दोन दिवस तातडीच्या विभागात होतो. नाडी चाळीस आहे म्हणाले. छातीला चाळीस हे माप चांगलं, पण नाडीला कमी पडतं म्हणे. त्यापायी माझ्या सकाळच्या पांढऱ्या गोळ्या बंद केल्या, त्यांनी नाडी मंदावते म्हणून. बाकी सगळं चालू ठेवलंय.

मास्तरांनी घाईघाईत माझी औषधं म्हणून हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं होतं. त्यात बटणांचा डबा होताच. तुला ठाऊक आहे, मी गोळ्या पाकिटात ठेवत नाही. पाकिटावरची अक्षरं मला दिसत नाहीत, गोळी दिसते. मग पाकीट कशाला सांभाळायचं? दुकानातल्या त्या खणांच्या लाकडी डब्यात रंगाप्रमाणे लावल्या की शोधायला सोप्या. तिथल्या सिस्टरने पिशवी पालथी केली आणि एकेक वस्तू उचलून विचारलं, हे किती, हे कधी. विचारलं तेवढ्याचं मी खरं खरं उत्तर दिलं. पोरगी दमलेली होती, तीन खाटांकडे एकदम बघत होती, तरी अक्षर सुरेख.

ती यादी मास्तरांनी उतरवून आणलीय, सोबत जोडतो. मी वाचलेली नाही, चष्मा तिथेच राहिला. तू दिवसभर असल्याच याद्या करतेस, तर एक नजर टाक. फोन मात्र करू नकोस. मला फोनवर ऐकू येत नाही आणि तू ओरडलीस की मास्तरांना त्यांच्या घरात ऐकू येतं.

तुझा काका


६ मार्च

काका,

नमस्कार नंतर करते, आधी भांडून घेते.

"जरा बसलो" हे मी आमच्या तातडीच्या विभागात दिवसातून आठ वेळा ऐकते. कुणी जिन्यावरून बसलेलं असतं, कुणी सायकलवरून. परवा एक आजोबा माळ्यावरून खाली बसले होते. तुम्ही तरी सरळ शब्द वापरा.

आता तुमची यादी. माझं काम काय असतं ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, कारण ऐकून कुणाचाच विश्वास बसत नाही. माझ्या कागदावर चार रकाने असतात. रुग्ण सांगतो ती औषधं, नातेवाईक सांगतात ती, पिशवीत सापडतात ती, आणि संगणकात असतात ती. हे चारही रकाने जुळले असं दहा वर्षांत एकदाच झालं. नंतर कळलं, की चारही याद्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या होत्या. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांच्या सुनेने बारा औषधं वेळांसकट न अडखळता म्हणून दाखवली. आम्ही सगळे थक्क. मग मुलगा आला आणि म्हणाला, अहो, ही आमच्या कुत्र्याची. सासऱ्यांची कुठली ते तिला माहीत नव्हतं.

तेव्हा तुमची यादी बघून मी हसणार नव्हते. पण पाचव्या ओळीशी आले आणि कपाळाला हात लावला. "तेल, दोन थेंब, दर शनिवारी, कानात." काका, कानात तेल? हे कुणी सांगितलं? मास्तरांचं डोकं असणार. त्यांनी आयुष्यभर पोरांचे कान धरले म्हणून कानांतलं सगळं कळतं असं नाही. ताबडतोब बंद करा.

दुसरं, चौथी ओळ. "पिवळी गोळी, जीवनसत्त्व, अशक्तपणासाठी." ही कुणी लिहून दिली? तुमच्या जुन्या चिठ्ठ्यांची नक्कल माझ्याकडे आहे, त्यात कसलंही जीवनसत्त्व नाही. उलट टपाली कळवा. आणि गोळ्या पाकिटातच ठेवा, हे मी आता सत्ताविसाव्यांदा सांगतेय.

टाचणी


१० मार्च

चि. टाचणी,

वर पत्ता बदललाय तिकडे लक्ष देऊ नकोस. खाट क्रमांक सात, खिडकीजवळ, हवा छान येते. शुक्रवारी मी पुन्हा एकदा जरा… तुला तो शब्द आवडत नाही, म्हणून लिहीत नाही.

मास्तरांवर आळ घेऊ नकोस. ते तेल माझ्या शिलाई मशीनचं आहे. दुकान बंद केलं तेव्हा सगळं ज्याला त्याला देऊन टाकलं, एवढं मशीन घरी आणलं. हात थरथरतो म्हणून शिवत नाही, पण दर शनिवारी दोन थेंब घालतो, नाहीतर ते गंजून बसेल. बाटली इवलीशी, नळीची, बघणाऱ्याला औषधच वाटावं. सिस्टरने उचलून विचारलं, "हे किती?" मी म्हटलं, "दोन थेंब." "कधी?" "दर शनिवारी." "न चुकता?" आता मशीनच्या बाबतीत मला कुणी असं विचारलेलं खपत नाही. मी म्हटलं, "बाई, तीस वर्षांत एक शनिवार चुकला नाही." ती म्हणाली, आजोबा, तुमच्यासारखा पेशंट बघितला नाही. थेंब कुठे घालता ते तिने विचारलंच नाही. संगणकात तेल म्हणून शोधल्यावर कानाचं एकच तेल निघालं, त्यामुळे कान संगणकाने ठरवले.

परवा शनिवार होता. दुसरी सिस्टर आली आणि दोन्ही कानांत थेंब सोडून गेली. मी म्हटलं, अहो, ते मशीनसाठी आहे. ती गोड हसली आणि फायलीत "रुग्ण थोडा गोंधळलेला" असं लिहिलं. तेव्हापासून मी काहीही बोललो की एकमेकांना ती ओळ दाखवतात. काल मी म्हटलं, आज रविवार आहे, तर डॉक्टर नुसतेच मान डोलावत राहिले. म्हणून गप्प बसतो. एक मात्र कबूल करायला हवं, ऐकू जरा बरं येतंय.

पिवळीचं विचारतेस. गेल्या महिन्यात माझ्या नेहमीच्या गोळ्या आणायला मास्तर औषधाच्या दुकानात गेले, तेव्हा त्या पुडक्यात ही आली. पांढऱ्यांच्या खणात अजून मूठभर पांढऱ्या शिल्लक होत्या, आणि ही पिवळी. एका शर्टाला कुणी दोन रंगांची बटणं लावत नाही. रंग निराळा म्हणजे काम निराळं, यात विचार करण्यासारखं काय आहे? त्याच्या आदल्या आठवड्यात मी डॉक्टरांना म्हटलं होतं, अंगात जोर वाटत नाही. तेव्हा ही जोर येण्याची असणार. मी रिकाम्या खणात ठेवली आणि रोज एक घ्यायला लागलो. सिस्टरलाही तसंच सांगितलं. अशक्तपणा फार आहे म्हणून त्यांनी पहिल्याच खेपेला ती एकाची दोन वेळा केली. डबा त्यांनी ताब्यात घेतलाय, पण गोळी माझ्याच डब्यातली देतात, समोर उभं राहून.

पांढऱ्या बंद होऊन आठवडा झाला तरी नाडी काही वर येत नाही. अडतीस. डॉक्टर चक्रावलेत. त्यांचं ते बघतील. तू जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा काका


१३ मार्च

प्रति, नोंदणी कक्ष, तातडीचा विभाग

महोदय,

खाट क्रमांक सातवरचे रुग्ण माझे सख्खे काका. मी स्वतः एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात औषधांच्या याद्या करते. आपल्याशी फोनवर चार वेळा बोलले. चारही वेळा "लेखी द्या" असं उत्तर मिळालं, म्हणून लेखी देते आहे.

एक, त्यांच्या यादीतलं तेल शिलाई मशीनचं आहे. ते काढून टाकावं. दोन, आणि हे फार महत्त्वाचं आहे, यादीतली पिवळी गोळी जीवनसत्त्व आहे असं कुणीही तपासलेलं नाही. मला संशय आहे की ती त्यांचीच नेहमीची नाडी मंद करणारी गोळी आहे, दुसऱ्या कंपनीची, रंग निराळा असलेली. तसं असेल तर आपण पांढरी बंद करून तेच औषध पिवळ्या रंगात दिवसातून दोनदा देत आहात. कृपा करून कुणीतरी डबा उघडून गोळीच्या मागे कोणती अक्षरं आहेत ती वाचून मला कळवावीत. दोन मिनिटांचं काम आहे.

आपली,
खाट क्रमांक सातची पुतणी


१७ मार्च

विषय : खाट क्रमांक ७ यांच्या औषधयादीतील नोंदी
संदर्भ : आपले दि. १३ मार्चचे पत्र

महोदया,

आपल्या पत्राबद्दल हा कक्ष आभारी आहे. यादी अचूक राहावी ही आमचीही तळमळ आहे.

यादीतून कोणतीही नोंद वगळण्यासाठी ती नोंद ज्या कर्मचाऱ्याने केली त्याची सही लागते. सदर सिस्टर आता दुसऱ्या रुग्णालयात रुजू झाल्या असल्याने त्या आमच्या कर्मचारी नाहीत, आणि जो कर्मचारी नाही त्याची सही ग्राह्य धरता येत नाही. यादीत नवी नोंद घालण्यासाठी मात्र कोणाच्याही सहीची गरज नाही; नातेवाईकाचे पत्र पुरते. रुग्णहिताच्या दृष्टीने ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे.

गोळीवरील अक्षरे वाचणे हे काम औषध विभागाकडे येते. औषध विभागास फक्त पाकिटातील गोळ्या वाचण्याचा अधिकार आहे. सदर गोळ्या डब्यात आहेत.

तेलाबाबत : तेल मशीनसाठी आहे असे रुग्णही सांगतो. तपासणीत रुग्णाकडे कोणतेही मशीन आढळले नाही. तथापि नाडी वर येत नसल्यामुळे दि. २ एप्रिल रोजी रुग्णाच्या छातीत नाडी चालवणारे यंत्र शस्त्रक्रियेने बसवण्याचे ठरले आहे. त्यानंतर तेल लागल्यास अडचण नको, म्हणून ती नोंद तूर्त राहू द्यावी असे आमचे मत आहे.

कळावे,
नोंदणी कक्ष


१९ मार्च

काका,

दोन एप्रिलला तुमची छाती उघडणार आहेत आणि हे मला नोंदणी कक्षाकडून कळतं! तुम्ही मला खिडकीतली हवा कळवता, माझ्या जेवणाची चौकशी करता, आणि एवढी गोष्ट गिळून बसता?

मी दोन दिवस फोन करतेय. डॉक्टरांना गाठलं, ते भले आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यादीत जीवनसत्त्व आहे ना, मग जीवनसत्त्वच असणार. यादीवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?" काका, हे वाक्य मी आमच्याकडच्या भिंतीवर लावलं होतं. मीच. मोठ्या अक्षरांत. काल जाऊन काढून टाकलं.

तुम्हाला आठवतं का, बाबांना नेलं तो दिवस? आतून विचारायला आले, कुठल्या गोळ्या घेतात? तुम्ही म्हणालात, तपकिरी, एक. मी म्हणाले, दोन. आपण त्या बाकावर बसून एक की दोन, एक की दोन करत राहिलो, आणि मग डॉक्टर बाहेर आले आणि विचारायची गरजच उरली नाही. मी हे काम त्या बाकामुळे धरलं. माझ्या याद्या बघायला इतर रुग्णालयांतली माणसं येतात, आणि माझ्या स्वतःच्या काकाच्या यादीत मशीनचं तेल आहे. मला हसू येत नाही, काका. मला भीती वाटते. मला पुन्हा त्या बाकावर बसायचं नाही.

तेव्हा आता मी सांगते ते करा. दुकानात गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "आकाशी रंगाचं अस्तर हवं." तुम्ही म्हणायचात, "रंग तोंडी सांगू नका, तुकडा आणा." मी काउंटरखाली टाचण्या वेचत हे रोज ऐकलंय. मला तुकडा पाठवा. एक पिवळी गोळी, कागदात गुंडाळून, मास्तरांना सांगून कुरिअरने. सिस्टर समोर उभी राहते हे माहीत आहे. जिभेखाली ठेवा आणि ती वळली की रुमालात घ्या. आयुष्यात एकदा लबाडी करा.

टाचणी


२२ मार्च

चि. टाचणी,

केली लबाडी. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. सिस्टरने विचारलं, "गिळली?" मी मान हलवली. तोंड उघडून खोटं बोलावं लागलं नाही एवढंच समाधान. त्यात आज शनिवार, तिने लगेच कानांत थेंब घालायला घेतले, एक कान झाला की दुसरी कूस. तोवर गोळी जिभेखालीच. ती गेल्यावर रुमालात घेतली आणि बघतो तर काय, पिवळा रंग सगळा माझ्या जिभेला लागलेला आणि गोळी आतून पांढरी!

मग मला राहवेना. पायजम्याच्या खिशात एक जुनी पांढरी राहिली होती, घरून येताना पडलेली. शेजारी शेजारी ठेवल्या. खिशात माझी टेप असतेच. माप तेच. मधली चीर तीच. मला वाटतं दोन्ही एकच कपडा आहे ग, बाहेरून तेवढं पिवळं. तुझ्या लक्षात सातशे मैलांवरून आलं आणि माझ्या लक्षात जिभेवर ठेवूनही आलं नाही. रंगावर गेलो. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, वरून बघू नका, उलटं करून बघा, आणि स्वतः ते केलं नाही.

मी लगेच सिस्टरला बोलावून सांगितलं. तिने जीभ बघितली, पिवळी दिसली, आणि फायलीत "कावीळ?" असं लिहिलं. उद्या रक्त घेणार आहेत.

तुला यंत्राचं कळवलं नाही, चुकलं. तुझ्या बाबाच्या वेळचं मलाही आठवतं. तपकिरी दोनच होत्या, टाचणी. मला नंतर त्याच्या कोटाच्या खिशात चिठ्ठी सापडली. तुझं बरोबर होतं, हे मी तुला अकरा वर्षं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, जरा जोरात बोलले असते तर. म्हणून नाही सांगितलं.

तुकडा सोबत जोडलाय. दोन्ही.

तुझा काका


२५ मार्च
समक्ष

प्रति, नोंदणी कक्ष

महोदय,

हे पत्र मी आपल्या खिडकीसमोर उभी राहून लिहिते आहे. मी आत येऊन बोलू शकते का असं विचारलं, तेव्हा या खिडकीवर फक्त पत्रं स्वीकारतात, माणसं नाहीत, असं आपण म्हणालात. हरकत नाही.

दोन गोळ्या सोबत आणल्या आहेत. दोन्हींच्या मागची अक्षरं भिंगातून वाचली, कंपन्यांकडे फोन करून खात्री केली, त्यांची लेखी उत्तरं जोडली आहेत. औषध एकच आहे. ताकद एकच आहे. माझे काका महिनाभर ते दुप्पट घेत होते, आणि आपण पांढरी थांबवल्यावरही दोन पिवळ्या देऊन ते दुप्पटच ठेवलंत. त्यांच्या छातीत यंत्राची नाही, संध्याकाळी एक गोळी कमी होण्याची गरज आहे.

डॉक्टर आज एका परिषदेला गेले आहेत. परिषद कशावर, तर औषधयाद्यांच्या अचूकतेवर. ते परवा येतील. सिस्टर म्हणतात, यादीत आहे ते मी द्यायलाच हवं. आपण म्हणता, यादीतून काढता येत नाही. मी तासभर बाहेर बाकावर बसून विचार केला. त्याच प्रकारचं लाकडी बाक आहे. मग मला आपल्या दि. १७ मार्चच्या पत्रातला परिच्छेद आठवला.

तेव्हा मी काहीही काढायला सांगत नाही. मला एक नवी नोंद घालायची आहे. रुग्णाच्या यादीत सहावं औषध म्हणून कृपया पुढील मजकूर लिहावा :

"संध्याकाळची पिवळी गोळी न देणे. रोज एकदा. पाण्यासोबत."

नातेवाईकाचं पत्र हेच.

आपली,
खाट क्रमांक सातची पुतणी


२५ मार्च

विषय : नवीन औषधाची नोंद

महोदया,

आपल्या पत्रानुसार "संध्याकाळची पिवळी गोळी न देणे" हे औषध यादीत क्रमांक ६ वर नोंदवण्यात आले आहे. आज संध्याकाळपासून ते सुरू होईल. चौथ्या क्रमांकाच्या नोंदीशी त्याचा विरोध होत असल्याचे संगणकाने दाखवले. अशा वेळी नंतरची नोंद पाळावी असा नियम आहे.

सदर औषधाचा साठा मुबलक असल्याचे औषध विभागाने कळवले आहे.

कळावे,
नोंदणी कक्ष


५ एप्रिल

चि. टाचणी,

काल घरी आलो. पत्ता जुनाच.

तू गेल्यावर तिथे काय झालं ते सांगतो. तू होतीस त्या संध्याकाळी सिस्टर पाण्याचा पेला घेऊन आली, माझ्या हातावर काहीच ठेवलं नाही, मी ते पाण्यासोबत घेतलं, तिने घड्याळ बघून सही केली. तुझ्यासमोरच झालं, आणि तू तोंडाला रुमाल लावून बाहेर पळालीस. मला वाटलं हसतेयस. मास्तर म्हणाले, नाही, रडत होती. दुसऱ्या दिवशी त्या वेळी सिस्टरला यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर तिने माझी माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी नाडी शेहेचाळीस, पाचव्या दिवशी छप्पन्न, एक तारखेला चौसष्ट. मी स्वतः उठून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. डॉक्टर परिषदेहून आले होते. त्यांनी तुझी पत्रं वाचली, कंपन्यांची उत्तरं वाचली, दोन्ही गोळ्या बघितल्या. माणूस खरोखर भला आहे. माझ्या खाटेजवळ स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "आजोबा, उद्या तुमची छाती उघडली असती हो." त्याचा चेहरा बघून मलाच त्याची समजूत घालावी लागली. मग त्याने स्वतःच्या हाताने यंत्राचं रद्द केलं, पिवळीसमोरचं जीवनसत्त्व खोडून खरं नाव लिहिलं, सकाळी एक. त्याच्या सहीने खोडता येतं, हे इतके दिवस त्यालाही माहीत नव्हतं. काविळीचं रक्तही स्वच्छ निघालं.

मोठे डॉक्टर मात्र सगळी फायल चाळून वेगळ्याच गोष्टीपाशी थांबले. यादीत इतकी उलथापालथ झाली, पण एकच औषध पहिल्या दिवसापासून न चुकता, न बदलता चालू होतं. त्यांनी शेरा लिहिला, "प्रकृतीत उल्लेखनीय सुधारणा. तेलाचा उपयोग झालेला दिसतो. चालू ठेवावे." आमचे भले डॉक्टर काहीतरी बोलायला गेले, तर मीच त्यांचा हात दाबला.

आता माझं काम. घरी आल्या आल्या बटणांचा डबा रिकामा केला. मास्तर नवी पाकिटं घेऊन आले, आणि प्रत्येक पाकिटाची नावाची बाजू मी कात्रीने कापली. आठवतं, अस्तरांच्या नमुन्यांची पट्टी दुकानात दाराला टांगलेली असायची? तसा कापडाचा एक लांब तुकडा घेतला आणि त्यावर एकेक नाव शिवलं. वर सकाळ, मधे दुपार, खाली संध्याकाळ. कंपनी बदलली तर जुना तुकडा उसवायचा आणि त्याच जागी नवा लावायचा, शेजारी नाही. उसवायला मला कुणाची सही लागत नाही. दोन पट्ट्या केल्या. एक कोटाच्या आतल्या खिशाला शिवून टाकलीय, पुन्हा कुठे जरा बसलो तर ज्याला सापडेल त्याने खिसा उलटा करून बघावा. दुसरी तुला पाठवतोय. तुझ्या भिंतीवर आता जागा रिकामी झालीय म्हणालीस.

हे सगळं हातशिलाईने करणार होतो, पण हात थरथरतो. म्हणून नऊ वर्षांनी मशीनवर बसलो. पाय ठेवला आणि ते सुरू झालं, एक टाका चुकला नाही. टाचणी, माझे डोळे भरून आले. तुझा बाबा असता तर म्हणाला असता, बघ, सांभाळलं म्हणून चाललं.

आज शनिवार. घरी येताना रुग्णालयाने औषधांची पिशवी दिली होती, त्यात माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली तेलाची नवी बाटली. मघाशी सिस्टरचा फोन आला. अलीकडे मला फोनवर ऐकू येतं. तिने विचारलं, "आजोबा, शनिवार आहे, थेंब घातले ना?"

मी म्हटलं, "घातले, बाई. दोन. छान चाललंय."

तुझा काका